झोपून एकशे तीस, उभं राहून सत्तर

वॉर्ड नंबर चारच्या सिस्टरचं खरं नाव हजेरीपटावर लिहिलेलं होतं आणि तिथेच पडून होतं. सगळे त्यांना फौजदारबाई म्हणत. उंची पाच फुटाला एक बोट कमी, पण आवाज असा की जिन्यात सिगारेट ओढणारा नातेवाईक दोन मजले खाली असला तरी ती विझवायचा. नवरा दुकानांच्या पाट्या रंगवायचा. घरी दोन खोल्या, जिन्यात रंगाचे डबे, आणि सासूबाई. सासूबाईंना सुनेचा अभिमान होता, फक्त तो सुनेसमोर दाखवायची त्यांना सवय नव्हती.

ही हकीकत घडली तेव्हा बाई चौतीस वर्षांच्या होत्या आणि नोकरीला अकरा वर्षं झाली होती. त्या काळात शस्त्रक्रिया विभागाचे प्रमुख होते मोठे साहेब. साहेबांचा हात सोन्याचा, यात वाद नाही. पोट उघडून बंद करेपर्यंत इतरांचा चहा निवायचा नाही. फक्त हाताखालच्या माणसाचं ऐकायला जे कान लागतात ते देवाने साहेबांना शोभेपुरते दिले होते. रोज दुपारी ते राउंडला येत. पुढे साहेब, मागे सहा डॉक्टर, त्यांच्या मागे केसपेपर कवटाळलेले विद्यार्थी, आणि सगळ्यात शेवटी खरं काय चाललंय ते माहीत असलेली एकटी सिस्टर.

तेरा नंबरच्या खाटेवर एक बेकरीवाला होता. आडवातिडवा, शंभर किलोचा, हसरा माणूस. आतड्याचं मोठं ऑपरेशन होऊन दुसरा दिवस होता. त्या दुपारी तो दुखण्याने पांढराफटक पडला, म्हणून बाईंनी केसपेपरवर लिहिल्याप्रमाणे मॉर्फिनचं इंजेक्शन दंडात दिलं. वीस मिनिटांत त्याचा चेहरा निवळला. तो नाक खाजवायला लागला आणि म्हणाला, "सिस्टर, भट्टीसमोर बसल्यासारखं ऊबदार वाटतंय." बाईंनी बीपी पाहिलं, एकशे तीसवर ऐंशी. उत्तम.

आणखी वीस मिनिटांनी वरात आली.

"हा अजून आडवा का?" साहेबांनी विचारलं. "दुसरा दिवस आहे. चालवा याला."

"साहेब, आत्ताच मॉर्फिन दिलंय," बाई मागून म्हणाल्या. "तासाभराने उठवते. आत्ता चक्कर येईल."

"बीपी किती?"

"एकशे तीस."

साहेब विद्यार्थ्यांकडे वळले. "ऐकलंत? बीपी एकशे तीस आणि सिस्टरना चक्करची काळजी. पेशंटला लोळवत ठेवणं हा आपल्याकडचा आवडता उपचार आहे." विद्यार्थी हसले, कारण परीक्षा जवळ आली होती. "उठा हो. उभे राहा. शाब्बास!"

बेकरीवाला आज्ञाधारक माणूस. तो उठला, उभा राहिला, आणि शाब्बासकी घेण्याइतका वेळही त्याला मिळाला नाही. डोळे वर गेले, गुडघे दुमडले, आणि शंभर किलो वजन सलाईनच्या स्टँडसकट, एका विद्यार्थ्यासकट आणि लघवीच्या भांड्यासकट जमिनीवर आलं. डोकं खाटेच्या दांड्यावर आपटलं.

बाई सगळ्यांच्या पायांतून घुसल्या. "पाय वर धरा! सलाईन सोडा! अहो, बघताय काय, पाय धरा म्हटलं!" हे शेवटचं वाक्य साहेबांना उद्देशून होतं, आणि गडबडीत साहेबांनी खरंच बेकरीवाल्याचा डावा पाय धरला. बीपी सत्तरवर चाळीस होतं. पाय वर केल्यावर, सलाईन धावल्यावर, पाच मिनिटांत ते शंभरवर आलं. बेकरीवाल्याने डोळे उघडले आणि विचारलं, "पाव जळले का?"

डोक्याला तीन टाके पडले. पोटाचे टाके शाबूत राहिले, हे नशीब.

संध्याकाळी बाईंच्या हातात मेमो पडला. इंजेक्शन दुप्पट दिल्याचा संशय, चौकशी होईपर्यंत इंजेक्शनच्या कपाटाची किल्ली मेट्रनबाईंकडे. बाईंनी मॉर्फिनची वही पुढे केली. तिच्यात प्रत्येक कुपीची नोंद असते आणि हिशोब तंतोतंत जुळत होता. तेव्हा साहेबांनी संशय बदलला. दुप्पट नसेल, तर दंडाऐवजी शिरेत दिलं असेल, म्हणून ते एकदम चढलं असेल. एकशे तीसचं बीपी असलेला धडधाकट माणूस नुसता उभा राहून पडतो का?

घरी आल्यावर बाईंनी मेमो जेवणाच्या टेबलावर आपटला. नवऱ्याने तो वाचला, उलटा करून पाहिला, आणि म्हणाला, "अक्षरांमधलं अंतर चुकलंय."

"अहो, माझी नोकरी जायची वेळ आलीय!"

"तेच म्हणतोय. ज्याला चार ओळी सरळ टाइप करता येत नाहीत त्याच्या मेमोला घाबरायचं कशाला?"

सासूबाई आतून म्हणाल्या, "त्या साहेबाला पाय धरायला लावलंस ना, त्याचा राग आहे तो. बाकी काही नाही." मग थोड्या वेळाने, आवाज खाली आणून, "बरं केलंस."

पण बाईंना राग येण्यापेक्षा कोडं जास्त पडलं होतं. साहेबांचा प्रश्न खवचट असला तरी प्रश्न होता. चक्कर येते हे त्यांना अकरा वर्षांच्या अनुभवाने माहीत होतं. का येते, हे माहीत नव्हतं. आणि चौकशीत "मला माहीत आहे" असं म्हणून भागत नाही, तिथे 'का' लागतं.

दुसऱ्या दिवशी ड्यूटी संपल्यावर त्या कॉलेजच्या तळघरात गेल्या. तिथे शरीरक्रियाशास्त्राचे एक मास्तर बसत. तीस वर्षं एकच कोट, आणि विद्यार्थ्यांपेक्षा बरण्यांशी जास्त बोलणं. बाईंनी सगळं सांगितलं. मास्तर ऐकता ऐकता इतके खूश झाले की बाईंना शंका आली, हा माणूस अपघाताची बातमी ऐकतोय की लॉटरीची.

"बसा, बसा!" त्यांनी एक बरणी उघडली, हातमोजे चढवले आणि एक अख्खा मेंदू ट्रेमध्ये ठेवला.

"हा कुणाचा?" बाईंनी नाक दाबून विचारलं.

"कुणाचातरी. आता हक्क सांगायला येत नाही." मास्तरांनी मेंदूवर पेन्सिल टेकवली. "हे वरचं सुरकुत्यांचं प्रकरण बघताय ना, हे भाषणं करायला आणि भांडायला. तुमचे साहेब एवढ्यावरच चालतात. खरं काम इथे होतं." त्यांनी मेंदू उलटा केला. खालून अंगठ्याएवढा जाड देठ निघाला होता. "पुस्तकात याला मस्तिष्कस्तंभ म्हणतात, म्हणजे मुलं घाबरून पाठ करतात. आपण देठ म्हणू. श्वास, हृदयाचे ठोके, उलटी, रक्तदाब, सगळं इथून. या इथे, देठाच्या खालच्या टोकाला, पेशींचा एक पुंजका आहे. तो दिवसभर, रात्रभर, तुम्ही झोपलात तरी, सगळ्या रक्तवाहिन्यांना एकच हुकूम सोडत असतो: आवळून राहा. तो हुकूम थांबला तर वाहिन्या सैल, आणि रक्तदाब खाली. आता उभ्या राहा."

बाई उभ्या राहिल्या.

"आत्ता तुमचं अर्धा लिटरहून जास्त रक्त पोटात आणि पायांत उतरलं. कळलं का?"

"नाही."

"का नाही? मानेतल्या धमनीत दाब ओळखणाऱ्या नसा आहेत. त्यांनी देठाला कळवलं, दाब घसरतोय. देठाने पायाकडच्या वाहिन्या आवळल्या, हृदयाला जरा पळवलं. तुम्ही पदर सावरायच्या आत काम झालं. बसा. आता मॉर्फिन. त्याला बसायला या देठात आयत्या जागा आहेत. आपलं शरीर स्वतःच अफूसारखी द्रव्यं तयार करतं, जखम झाली की वापरायला. त्यांच्यासाठी राखलेल्या जागा या. मॉर्फिन येतं आणि तिथे ठाण मांडतं. वेदनेचा बराचसा बंदोबस्त त्यातूनच होतो, म्हणून तर आपण ते देतो. पण त्याच वेळी आवळण्याचा हुकूम ढिला पडतो. हृदयाला सावकाश चाल म्हणणारी मोठी नस देठातूनच निघते, तिचा जोर वाढतो. तुमचा बेकरीवाला नाक खाजवत होता का?"

बाई दचकल्या. "होय. आणि ऊबदार वाटतंय म्हणाला."

"हिस्टामिन! ते मॉर्फिनमुळे सुटतं, त्यानेही वाहिन्या सैलावतात. तीनही बाजूंनी कोंडी."

"पण मग बीपी एकशे तीस कसं होतं?"

मास्तरांनी ट्रेवर टिचकी मारली. "आडव्या माणसाचं रक्त सपाटीवर असतं. देठाला मोठं काम नसतं, त्यामुळे तो पेंगतोय हे दिसतच नाही. मोजून काय उपयोग? ज्याने अजून काही उचललंच नाही त्याची ताकद तुम्ही मोजताय. उभं केलंत की खरं काम पडतं. आणि नेमका तेव्हाच हुकूम सोडणारा गुंगीत."

बाईंनी नाकावरचा हात काढला आणि देठ जवळून पाहिला. मग म्हणाल्या, "हे मला दाखवता येईल का? म्हणजे आकड्यांत?"

मास्तरांनी हातमोजे काढले. "सिस्टर, तीस वर्षांत एकाही विद्यार्थ्याने मला हा प्रश्न विचारलेला नाही," ते म्हणाले, आणि तेवढ्यापुरता त्यांचा आवाज खरंच बदलला.

चौकशी तीन आठवड्यांवर होती. किल्ली काढून घेतली होती, पण बीपीचं यंत्र काढून घ्यायचं कुणाला सुचलं नव्हतं. भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंना बाईंनी गाठलं. त्यांचं आणि मोठ्या साहेबांचं ऑपरेशनच्या टेबलावरून रोज वाजायचं, त्यामुळे परवानगी मिळायला फार विनवणी लागली नाही. दुसऱ्या सिस्टर इंजेक्शन द्यायच्या, बाई मोजायच्या. इंजेक्शनच्या आधी झोपून आणि बसून. इंजेक्शननंतर चाळीस मिनिटांनी पुन्हा झोपून आणि बसून, पाय खाटेखाली सोडून, दोन्ही बाजूंना माणूस उभा. उभं कुणालाच करायचं नाही, हे बाईंनी स्वतःच ठरवलं. पडलेला एक बेकरीवाला पुरे होता.

तो बेकरीवाला या कामात सगळ्यात उत्साही. आता त्याला बरं वाटत होतं, तो शेजारच्या खाटांवर प्रचार करायचा. "मोजून घ्या हो. मी न मोजता उठलो तर डोक्याची शिवण झाली."

तेवीस पेशंट झाले. इंजेक्शनच्या आधी बसवल्यावर एकाचाच रक्तदाब वीसपेक्षा जास्त उतरला होता. इंजेक्शननंतर नऊ जणांचा. आणि या नऊपैकी आठ जण आडवे असताना अगदी ठणठणीत दिसत होते.

चौकशीसाठी तक्ता हवा म्हणून बाईंनी नवऱ्याला मेंदू रंगवायला सांगितला. त्याने मास्तरांच्या पुस्तकातलं चित्र पाहिलं आणि एका पत्र्यावर ऑइलपेंटने तीन फुटी मेंदू काढला. वरचा भाग गुलाबी, देठ लालभडक. सासूबाईंनी पाहून विचारलं, "फ्लॉवरला कीड लागलीय का?" तरी काम सुबक होतं. अडचण एवढीच की नवीन पत्रा मिळाला नव्हता, आणि मागच्या बाजूला 'येथे दाढी व कटिंग करून मिळेल' असं ठळक अक्षरांत होतं.

चौकशीच्या खोलीत अधीक्षक, मेट्रनबाई, भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई आणि मोठे साहेब बसले होते. बाई पत्रा घेऊन आत शिरल्या, तो चुकीच्या बाजूने. अधीक्षकांनी ते वाचलं आणि नकळत स्वतःच्या गालावरून हात फिरवला.

बाईंनी पत्रा फिरवला आणि बोलायला सुरुवात केली. पहिली दोन वाक्यं हळू आवाजात गेली. देठापर्यंत पोचल्यावर आवाज वॉर्डातला झाला. वाहिन्या आवळण्याचा हुकूम, मानेतल्या नसा, मॉर्फिनच्या जागा, सगळं सांगितलं. मग तेवीस पेशंटचे आकडे टेबलावर ठेवले.

"हे सगळं पुस्तकात आहे," साहेब म्हणाले. "यात नवीन काय?"

"काहीच नाही, साहेब," बाई म्हणाल्या. "पुस्तकात आहे तेच त्या दिवशी मी म्हटलं. पुस्तक न वाचता म्हटलं, एवढाच फरक."

भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंना अचानक खोकला आला आणि तो बराच वेळ थांबेना.

अधीक्षकांनी बेकरीवाल्याला बोलावलं. त्याने साक्ष थोडक्यात दिली. "इंजेक्शन दंडात दिलं, दंड माझा आहे, मला कळतं. झोपलो होतो तेव्हा मी राजा होतो. सिस्टर थांबा म्हणाल्या, साहेब उठा म्हणाले. मी मोठ्या माणसाचं ऐकलं. पुन्हा नाही ऐकणार."

मेमो मागे घेतला गेला. माफी कुणी मागितली नाही. रुग्णालयांत माफीसाठी वेगळा फॉर्म नसतो, त्यामुळे ती मागायची कशी हे कुणाला माहीत नसतं. किल्ली परत मिळाली, आणि वॉर्ड चारमध्ये नियम लागला: मॉर्फिन दिलेल्या पेशंटला उठवण्याआधी झोपून, बसून आणि मग उभं, तीनदा बीपी. पुढच्या वर्षी मोठ्या साहेबांनी एका परिषदेत हाच नियम 'आमच्या विभागाची पद्धत' म्हणून मांडला. टाळ्या मिळाल्या. साहेबांनी तेवीस हा आकडाही तोच ठेवला होता. बाईंना हे कळलं तेव्हा त्या दोन दिवस कुणाशी धड बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी मास्तरांनी तळघरातून चिठ्ठी पाठवली, "चोरी झाली म्हणजे माल चांगला होता." बाईंनी ती चिठ्ठी फाडून टाकली, कारण त्यांना ते पटलं नाही. आजही पटत नाही.

वर्षं गेली. मोठे साहेब निवृत्त झाले, मास्तर गेले, सासूबाई गेल्या. बाई वॉर्डाच्या इनचार्ज झाल्या आणि दोन पिढ्यांच्या नर्सना देठ समजावून समजावून त्यांचा घसा बसला. चोपन्नाव्या वर्षी त्यांच्या पित्ताशयात खडे सापडले आणि ऑपरेशन स्वतःच्याच वॉर्डाशेजारी, बायकांच्या वॉर्डात झालं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मॉर्फिन मिळालं आणि बाईंना कितीतरी वर्षांनी मनापासून बरं वाटलं. पोट दुखत होतं, पण ते जणू शेजारणीचं दुखत होतं. नाक खाजत होतं. खाजतंय म्हणजे काय, हे त्यांना पूर्ण माहीत होतं. माहीत असल्याचं कौतुक वाटून त्या स्वतःशीच हसल्या.

समोरच्या खाटेवरची सलाईनची बाटली संपत आली होती. थेंब थांबले होते, नळीत रक्त चढायला लागलं होतं, आणि ड्यूटीवरची तरुण सिस्टर पाठमोरी. बाईंनी हाक मारली असती तर अर्ध्या मिनिटात काम झालं असतं. पण एकतीस वर्षांची सवय हाक मारत नाही, उठते. आणि मॉर्फिनने फक्त वेदना घालवली नव्हती, काळजी पण घालवली होती. बाईंनी चादर बाजूला केली आणि ताडकन उभ्या राहिल्या.

पुढचं त्यांना इतरांकडून कळलं. दोन पावलं त्या अगदी रुबाबात चालल्या. तिसऱ्या पावलाला शेजारच्या खाटेवर आडव्या झाल्या. तिथे एक शिक्षिका सफरचंद खात बसली होती. बाईंचा जबडा खाटेच्या लोखंडी कठड्यावर आदळला. शुद्धीवर आल्या तेव्हा पाय दोन उशांवर होते, तोंडात रक्त होतं, आणि तरुण सिस्टर रडत होती.

"मॅडम, तुम्ही का उठलात? तुम्हीच शिकवलंत ना! आता मला मेमो येणार."

"बीपी किती?"

"पंच्याहत्तर होतं. आता शंभर."

"छान. रडू नको. आधी समोरची बाटली बदल, मग कागद आण." बाईंनी आडव्या आडव्याच जबानी लिहून दिली. रुग्णाला बेल दिलेली होती, सूचना दिलेली होती, रुग्ण स्वतः परिचारिका असून सूचना न पाळता उठली, ड्यूटीवरच्या सिस्टरचा दोष नाही. सही केली. मग पुन्हा कागद मागून घेतला आणि खाली एक ओळ वाढवली: 'औषध घेतलेल्या माणसाच्या शहाणपणावर विसंबू नये, मग तो कोणीही असो.'

संध्याकाळी नवरा आला. त्याने सुजलेला ओठ पाहिला, समोरच्या दाताची रिकामी जागा पाहिली.

"अगं, तुला तर सगळं माहीत होतं."

"मला माहीत होतं हो," बाई म्हणाल्या. "देठाला काय माहीत? तो मला विचारून काम करतो का?"

नवऱ्याला हसू आवरेना. त्याला हसताना बघून बाईंनाही हसू फुटलं, आणि हसल्यावर टाके इतके ओढले की त्यांनी त्याला वॉर्डाबाहेर काढलं.

निवृत्तीनंतर बाई नर्सिंग स्कूलमध्ये आठवड्यातून दोन दिवस शिकवायला जातात. देठाचा धडा घेताना मुली टेबलाखाली फोन बघतात. मग बाई न बोलता तोंडातला खोटा दात काढून टेबलावर ठेवतात. फोन बंद होतात.